एका बंगल्याच्या चार किमती: मूल्यांकनाचं काम नव्याने शिकणाऱ्यांसाठी

सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन व्हॅल्युअरच्या ऑफिसात लागलेलं पोर पहिल्या महिन्यात कधी ना कधी विचारतंच: "सर, प्रत्येक पद्धतीने वेगळा आकडा येतोय. सरासरी काढू का?" मीही विचारलं होतं. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर.

सोबतीला एक बंगला घेऊ. नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत ३०० चौरस मीटरचा प्लॉट, समोर ९ मीटरचा रस्ता, वर १८० चौरस मीटरचं ४० वर्षं जुनं आरसीसी बांधकाम. बंगला काल्पनिक आहे आणि आकडे हिशेब सोपा जावा म्हणून घेतलेत. नाशिकचा दर म्हणून ते कुणाला सांगू नका.

आधी विचारा: किंमत कशासाठी आणि कोणत्या तारखेची?

पार्टी येते आणि म्हणते, "बंगल्याची व्हॅल्यू काढून द्या." एवढ्यावर कामाला लागायचं नाही. बँकेला आजचा बाजारभाव हवा असतो, आणि कर्ज बुडून घाईघाईत विकायची वेळ आली तर किती हाती येतील, हाही आकडा हवा असतो. भावाभावांच्या वाटणीत आजचाच भाव लागतो, पण तिथे दोन्हीकडचे लोक अहवालातली प्रत्येक ओळ वाचतात. भूसंपादनाचं काम असेल तर २०१३ च्या कायद्याने पद्धत बरीचशी बांधून दिली आहे: मागच्या तीन वर्षांतली आसपासची खरेदीखतं घ्यायची, त्यातल्या वरच्या दरांच्या निम्म्या खतांची सरासरी काढायची, ती मुद्रांकाच्या दराशी (सरकारच्या रेडी रेकनर तक्त्याशी) ताडायची आणि जास्त असेल ते धरायचं.

कॅपिटल गेनसाठी, म्हणजे विक्रीतल्या नफ्यावरच्या करासाठी, जुनी मिळकत असली तर तारीखच वेगळी लागते. वडिलांनी १९८५ साली बांधलेला बंगला आज विकला तरी खरेदीची किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो. मेख अशी की हा भाव त्या दिवशीच्या मुद्रांकाच्या मूल्यापेक्षा जास्त दाखवता येत नाही. हे ठाऊक नसलेला नवखा माणूस २००१ चे सुंदर दाखले जमवत बसतो आणि आठवडा वाया घालवतो.

तेव्हा फाइलच्या पहिल्या पानावर हेतू आणि तारीख लिहायची. पुढची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

कागद, आणि त्यातला क्षेत्राचा घोळ

प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, फेरफार, खरेदीखत, मोजणीचा नकाशा, मंजूर नकाशा, भोगवटा दाखला, घरपट्टीची पावती. यादी कुणीही देईल. काम असतं ते हे कागद एकमेकांशी भांडतायत का, ते बघण्याचं. खरेदीखतात ३०० चौरस मीटर, प्रॉपर्टी कार्डावर २९१, आणि जागेवर टेप लावला तर २८८, असं सर्रास होतं. कधी मधले ९ चौरस मीटर रस्ता रुंदीत गेलेले असतात, कधी शेजाऱ्याचं कुंपण आत सरकलेलं असतं. कोणतं क्षेत्र धरलं आणि का, ते अहवालात लिहिलंच पाहिजे.

फ्लॅट असेल तर घोळ आणखी वाढतो. माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या अहवालात मी एका फ्लॅटसाठी शेजारच्या सोसायटीचे तीन व्यवहार मांडले होते. दर छान जुळले होते. सरांनी लाल पेन्सिल घेतली आणि एवढंच विचारलं, "हा दर कशावरचा रे?" शेजारचे दर सुपर बिल्टअपवर (भिंती आणि जिना-लॉबीतला वाटा धरून) होते आणि आमचा फ्लॅट मी कार्पेटमध्ये मोजला होता. किंमत पाव हिश्श्याने खाली आली होती. तेव्हापासून मी दराच्या पुढे "कार्पेट" किंवा "बिल्टअप" लिहिल्याशिवाय दर लिहीत नाही. रेरा कायद्यातलं कार्पेट म्हणजे आतल्या भिंती धरून, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची सोडून. जुन्या करारातलं कार्पेट बहुधा आतल्या भिंतीही सोडून असतं. शब्द एकच, क्षेत्रं दोन. आणि हो, १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. "साधारण दहा" म्हणून चालत नाही.

जागेवर काय बघायचं

आत जाण्याआधी इमारतीला एक फेरी मारा. पाया जिथे जमिनीला भेटतो तिथे पांढरा खार चढलाय का? बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल आहे का? जिन्याच्या खाली किंवा पोर्चच्या स्लॅबखाली मान वर करून बघा. सळया गंजून फुगल्या की काँक्रीटचे पोपडे सुटतात. तसं दिसलं की बांधकामाचं वय कागदावर ४० वर्षं असलं तरी प्रकृती ५५ ची समजायची.

मग विजेचे मीटर मोजा. मालक सांगतात, "आम्हीच राहतो," आणि जिन्याखाली तीन मीटर लागलेले असतात. एकावर वेगळंच नाव असतं. भाडेकरू जुना असेल आणि भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण त्याला असेल, तर तुमचं अख्खं गणित बदलतं. मीटरबोर्डाचा फोटो काढायला मी ऑफिसातल्या प्रत्येक नव्या मुलाला सांगतो, आणि दर वर्षी एखाद्या फाइलीत तो फोटो उपयोगी पडतो.

परिसर आणि बाजार

इथे नवखी मंडळी "परिसर सुविधायुक्त असून शाळा, दवाखाना, बाजार जवळ आहे" असं ठोकून पुढे जातात. हे वाक्य महाराष्ट्रातल्या निम्म्या गल्ल्यांना लागू पडतं, म्हणजे कुणालाच पडत नाही. बाजाराचं विश्लेषण म्हणजे या गल्लीत गेल्या दोन वर्षांत कोण विकत घेतंय आणि काय करतंय, ते शोधणं. कुटुंबं राहायला येतायत, की बिल्डर जुने बंगले पाडून पाच मजले चढवतायत? किती दिवसांत माल जातोय? एजंट सांगेल तो भाव मागण्याचा असतो. व्यवहार कितीला झाला ते वेगळं.

नाशिकमध्ये गोदावरीच्या बाजूला गेलात तर पूररेषा बघितल्याशिवाय हलू नका. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आतला प्लॉट आणि रस्त्यापलीकडचा प्लॉट दिसायला सारखेच, भाव मात्र दोन जगांतले. विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला याच टप्प्यावर मागवायचा.

ही जमीन सगळ्यात जास्त कशासाठी मोलाची?

याला आमच्यात "सर्वोत्तम वापर" म्हणतात. चार चाळण्या लावायच्या: कायद्याने चालेल का, जागेवर बसेल का, पैशात परवडेल का, आणि या तिन्हींतून उरलेल्यांत जास्त किंमत कोणत्या वापराने येते? चाळण्यांचा क्रम सोडू नका. मुंबई सोडून राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, मुंबईला स्वतंत्र नियमावली आहे. रस्त्याची रुंदी बदलली की मिळणारा एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) बदलतो, म्हणून ९ मीटर आणि १२ मीटर हा फरक नुसता गाडी वळवण्यापुरता नाही.

आपल्या बंगल्यासाठी दोन पर्याय उरतात: आहे तसा राहायला वापरणं, किंवा पाडून छोटी अपार्टमेंट बांधणं. कोणता जिंकतो हे आत्ता ठरवायचं नाही. दोन्ही डोक्यात ठेवून पुढचे आकडे काढायचे.

तुलना: जिथे वेळ घालवायचा

विक्रीची तुलना ही पद्धत सगळ्यांना कळते, म्हणून सगळे ती चुकवतात. व्यवहार कुठून मिळतील? नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या खताचा गोषवारा, शोधता येतो. त्यात क्षेत्र, मोबदला, तारीख, बाजारमूल्य असं सगळं असतं. पण तो डोळे झाकून घेऊ नका. पुष्कळ नोंदी रेडी रेकनरच्या दराला चिकटून असतात, कारण सगळे पैसे कागदावर येतातच असं नाही. नवरा-बायको, बाप-लेक, भागीदार-भागीदार यांच्यातले व्यवहार बाजूला काढा. बँकेने लिलावात विकलेली मिळकतही वेगळी ठेवा. मग गल्लीतल्या दोन एजंटांना आणि जमलं तर एखाद्या खरेदीदारालाच फोन करून ताडा.

समजा तीन प्लॉट हाती लागले:

पहिला, २७० चौरस मीटर, कोपऱ्याचा, १२ मीटर रस्त्यावर, १४ महिन्यांपूर्वी १ कोटी ६२ लाखांना गेला. दर ६०,००० रुपये.
दुसरा, ३१० चौरस मीटर, आपल्याच रस्त्यावर, ३ महिन्यांपूर्वी १ कोटी ७० लाख ५० हजारांना. दर ५५,०००.
तिसरा, ६०० चौरस मीटर, ७ महिन्यांपूर्वी ३ कोटींना. दर ५०,०००.

आता दुरुस्त्या. नियम पाठ करा: दुरुस्ती नेहमी विकलेल्या प्लॉटच्या दरात करायची, आपल्या प्लॉटच्या नाही. तो प्लॉट आपल्यापेक्षा सरस असेल तर त्याचा दर कमी करायचा, निरस असेल तर वाढवायचा. दहापैकी सहा नवखे इथे उलटी खूण मारतात.

पहिल्याला काळासाठी ५ टक्के वाढवले, ६३,००० झाले. कोपरा आणि रुंद रस्ता आपल्याकडे नाही, म्हणून १० टक्के उतरवले: ५६,७००. दुसऱ्याला काळासाठी जेमतेम १ टक्का: ५५,५५०. तिसऱ्याला काळासाठी अडीच टक्के, ५१,२५०. शिवाय मोठ्या प्लॉटचा दर लहानापेक्षा कमी पडतो, म्हणून ८ टक्के वाढवले: ५५,३५०.

५०,००० ते ६०,००० मध्ये पसरलेले आकडे ५५,३५० ते ५६,७०० मध्ये आले. दुरुस्त्या बरोबर असतील तर आकडे असेच जवळ सरकतात. उलट पसरले तर तुम्ही काहीतरी बघितलेलं नाही. दुसरा प्लॉट आपल्याचा जवळजवळ जुळा भाऊ आणि ताजा, म्हणून त्याच्यावर जास्त भिस्त ठेवून ५५,५०० धरू. मोकळ्या प्लॉटची किंमत १ कोटी ६६ लाख ५० हजार.

टक्के कुठून आले, असं कोर्टात वकील विचारतोच. उत्तर व्यवहारांच्या जोडीतून द्यायचं: बाकी सगळं सारखं, फक्त कोपऱ्याचा फरक, असे दोन व्यवहार सापडले की त्यांच्यातला फरक हाच तुमचा टक्का. कोणत्या गोष्टी बघायच्या याची मात्र चांगली यादी सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली पुण्यातल्या एका भूसंपादनाच्या खटल्यात घालून दिली आहे, चिमणलाल हरगोविंददास खटला म्हणून ती ओळखली जाते. लहान आकार, रस्त्याला लागून दर्शनी बाजू, वस्तीची जवळीक, सरळ आकार हे जमेचे. आतल्या बाजूला असणं, अरुंद तोंड आणि लांबच लांब खोली, भराव घालावा लागेल असा खोलगटपणा हे वजाबाकीचे. आणि लहान प्लॉटचा दर मोठ्या जमिनीला लावताना २० ते ५० टक्के कापायला लागू शकतात, हेही त्यात आहे. मराठीत कुणीतरी हा निकाल फळ्यावर लिहून प्रत्येक ऑफिसात लावावा, असं मला बऱ्याच वेळा वाटतं.

रेडी रेकनरबद्दल इथेच सांगून टाकतो. तो, म्हणजे वार्षिक मूल्यदर तक्ता, मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी असतो. करारातली किंमत आणि तक्त्यातली किंमत यांतली जास्त असेल तिच्यावर शुल्क बसतं. आयकरातही तक्त्यातली किंमत करारातल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असेल तर विचारणा होते. म्हणून तो बघायचाच. पण तो म्हणजे बाजारभाव नव्हे. मुद्रांकासाठी ठेवलेलं मूल्य नोंदपुस्तक भूसंपादनातल्या बाजारभावाचा पाया होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच, जुन्या भूसंपादन कायद्याखाली, जवाजी नागनाथम खटल्यात म्हटलं आहे. २०१३ च्या कायद्यात तो दर, वर सांगितला तसा, ताडायला मात्र घेतात.

खर्चाची बाजू

जमीन वेगळी, बांधकाम वेगळं, मग बेरीज. आज तसंच १८० चौरस मीटर बांधायला २२,००० रुपयांनी ३९ लाख ६० हजार लागतील. त्यातून घसारा. आरसीसीचं आयुष्य ६० वर्षं, शेवटी भंगाराचे १० टक्के उरतात असं धरलं तर ४० वर्षांचा घसारा म्हणजे ४० भागिले ६० गुणिले ९० टक्के, बरोबर ६० टक्के. उरले १५ लाख ८४ हजार. जमिनीत मिळवले की १ कोटी ८२ लाख ३४ हजार.

हे गणित इतकं नीटनेटकं आहे की त्यावर विश्वास बसतो. जपून. घसारा नुसता वयाचा नसतो. दोन मजल्यांना मिळून एकच संडास, गाडी आत येत नाही असं पोर्च, हॉलमधून जाऊन स्वयंपाकघर: या गोष्टींनी भिंत झिजत नाही पण गिऱ्हाईक कमी होतं. आणि शेजारी बार उघडला तर घराचा काही दोष नसताना किंमत जाते. शाळा, देवळं, कारखान्यांचे शेड यांना विक्रीचे दाखले सापडत नाहीत. तिथे मात्र हीच पद्धत तारून नेते.

भाड्याची बाजू

हाच बंगला महिना ३५,००० भाड्याने जाईल. वर्षाचे ४ लाख २० हजार. घरपट्टी, डागडुजी आणि मधले रिकामे महिने यांचे २० टक्के काढले की निव्वळ ३ लाख ३६ हजार. अशा घरांवर लोक ३ टक्के परतावा चालवून घेतात असं बाजारात दिसलं, तर ३ लाख ३६ हजार भागिले ०.०३, म्हणजे १ कोटी १२ लाख.

मोकळ्या प्लॉटपेक्षाही साडेचोपन्न लाखांनी कमी! घाबरून परताव्याचा टक्का खाली ओढू नका. हा मोह फार मोठा, आणि अहवाल तपासणाऱ्याला तो लगेच दिसतो. आकडा सांगतोय ते ऐका: या जमिनीवर हा बंगला जमिनीच्या लायकीपेक्षा कमी कमावतोय. दुकानं, गोदामं, भाडेकरारावर दिलेली ऑफिसं यांत खरेदीदार भाडंच विकत घेतो, तिथे ही पद्धत पुढे ठेवायची. मुंबईतल्या पागडीच्या खोलीला ती लावायला गेलात तर हसू होईल. महिना काहीशे रुपये भाड्याच्या खोलीची किंमत भाड्यातून नव्हे, तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मान्य केलेल्या पागडीतून आणि पुनर्विकासाच्या आशेतून ठरते.

बिल्डरच्या डोक्यातला हिशेब

बिल्डर उलटीकडून मोजतो. बांधून विकले तर किती येतील, त्यातून सगळा खर्च वजा, उरेल तेवढे जमिनीला. विकण्याजोगं कार्पेट ४५० चौरस मीटर, दर १ लाख: साडेचार कोटी. बांधकाम ६५० चौरस मीटर, २४,००० नी १ कोटी ५६ लाख. आर्किटेक्ट, प्रीमियम आणि टीडीआर (जादा बांधायचा हक्क विकत घ्यायचे पैसे), परवानग्या ४० लाख. व्याज आणि नफा मिळून विक्रीच्या १८ टक्के, ८१ लाख. उरले १ कोटी ७३ लाख.

आता विक्रीचा दर फक्त १० टक्के उतरवून बघा. विक्री ४ कोटी ५ लाख, व्याज-नफा ७२ लाख ९० हजार, बाकी खर्च तेवढाच. उरतात १ कोटी ३६ लाख १० हजार. दर १० टक्के घसरला आणि जमीन २१ टक्के. म्हणून ही पद्धत एकटीने कधी वापरायची नाही, आणि वापरली तर दर वरखाली करून बघितल्याचा तक्ता जोडायचाच.

मेळ घालताना

टेबलावर चार आकडे आहेत: तुलनेने मोकळा प्लॉट १ कोटी ६६ लाख ५० हजार, खर्चाने १ कोटी ८२ लाख ३४ हजार, भाड्याने १ कोटी १२ लाख, बिल्डरच्या हिशेबाने १ कोटी ७३ लाख. काढा सरासरी. साधारण १ कोटी ५८ लाख ४६ हजार येते. म्हणजे बंगल्यासकट प्लॉट, मोकळ्या प्लॉटपेक्षा स्वस्त. या भावाला कोणता मालक विकेल?

आता बाजाराच्या टप्प्यावर काय लिहिलं होतं ते उघडा. गल्लीतले तीनही प्लॉट बिल्डरांनी घेतले असतील, तर आपल्या बंगल्याचा गिऱ्हाईकही तोच आहे. त्याच्यासाठी ते १५ लाख ८४ हजारांचं बांधकाम म्हणजे पाडण्याचा खर्च वजा जाता उरणारं भंगार. खर्चाच्या पद्धतीचा आकडा गळाला. भाड्याचा तर आपणहूनच बाजूला झाला होता, पण त्याने आपल्याला योग्य दिशा दाखवली. उरले दोन, १ कोटी ६६ लाख ५० हजार आणि १ कोटी ७३ लाख. पहिला झालेल्या व्यवहारांवर उभा आहे, दुसरा अंदाजांवर. मी १ कोटी ६९ लाख लिहिले असते.

हीच गल्ली जर राहायला येणाऱ्या कुटुंबांची असती, पोर्चचा स्लॅब धडधाकट असता आणि घर रंगवून लगेच राहण्यासारखं असतं, तर मी १ कोटी ८२ लाखांकडे सरकलो असतो. आकडे तेच राहिले असते, फक्त गिऱ्हाईक बदललं असतं.

अहवालात अंतिम रकमेच्या खाली हे कारण चार ओळींत लिहा: कोणता आकडा का धरला, कोणता का सोडला. सोडलेले आकडे खोडू नका. कच्च्या हिशेबाचा कागद, एजंटांशी झालेल्या फोनच्या तारखा, मीटरबोर्डाचा फोटो, सगळं फाइलीत लावा. नोंदणीकृत मूल्यांककाला २०१७ च्या नियमांप्रमाणे कामाच्या नोंदी निदान तीन वर्षं ठेवाव्या लागतात. आमच्याकडे वाटणीच्या फाइली त्याहून जुन्याही ठेवतो, कारण धाकटा भाऊ हमखास चौथ्या वर्षी येतो.